अंबरातले सूक्ष्मजीव आणि डीएनए: दावा तपासायचा कसा?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अंबरात अडकलेली एक माशी होती. १८५० साली हर्मान लोव यांनी तिची नोंद केली आणि १९२२ मध्ये तो खडा संग्रहालयात आला. १९६६ मध्ये विली हेनिग यांच्यासारख्या दिग्गज कीटकशास्त्रज्ञाने तिच्यावर लिहिलं. आजही शौचालयांच्या आसपास दिसणारी माशीची एक जात कोट्यवधी वर्षं जशीच्या तशी राहिली, याचा हा पुरावा मानला गेला. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस हा खडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक भेग उमटली आणि बिंग फुटलं. कुणीतरी खडा मधोमध कापून, आत खोबण कोरून, ताजी माशी बसवून तो पुन्हा चिकटवला होता.

यात अंबर खरं होतं, खोटी होती ती माशी.

अंबराबद्दलची कुठलीही बातमी वाचताना ही माशी डोक्यात ठेवा. ‘चार कोटी वर्षांपूर्वीचे जीवाणू जिवंत केले’, ‘डायनोसॉरच्या काळातल्या किड्याचा डीएनए मिळाला’ अशी वाक्यं समोर आली की त्यातलं नेमकं काय सिद्ध झालंय आणि काय नाही, हे नवख्या माणसालाही बऱ्यापैकी ओळखता येतं. प्रयोगशाळा लागत नाही. प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात, एवढंच. तो क्रम खाली देतो आहे. काही पायऱ्या दोन मिनिटांत उरकतील, काहींवर बराच वेळ थांबावं लागेल.

पायरी १: आधी शब्द नीट लावून घ्या

मराठीत अंबर म्हणजे आकाश, अंबर म्हणजे वस्त्र, आणि देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थही अंबरच. आपण ज्याबद्दल बोलतोय त्याला जुना शब्द आहे तृणमणी. घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो, म्हणून तृणमणी. शब्द सुंदर आहे, पण आता कुणी वापरत नाही, तेव्हा इथे अंबरच म्हणू.

दुसरा घोटाळा जास्त महत्त्वाचा आहे. मराठी बातम्यांत हमखास ‘झाडाच्या डिंकात अडकलेला किडा’ असं लिहिलेलं असतं. हे चूक आहे. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, तो शर्करांचा बनलेला असतो आणि त्याचं अंबर कधीच होत नाही. अंबर होतं ते राळेचं. राळ पाण्यात विरघळत नाही. तिच्यात टर्पीन नावाची संयुगं असतात आणि ती हळूहळू एकमेकांना साखळीसारखी जोडली जाऊन कडक होतात. झाडाला जखम झाली की राळ वाहते, तिच्यात बुरशी, परागकण, किडे, जीवाणू असं जे सापडेल ते अडकतं.

ताजी राळ आणि अंबर यांच्या मधली अवस्था म्हणजे कोपल. ही काही वर्षांपासून हजारो वर्षांपर्यंतची अर्धवट घट्ट झालेली राळ असते. दिसायला ती अंबरासारखीच पिवळी आणि पारदर्शक, आत किडेही भरपूर. बाजारात अंबर म्हणून सर्रास विकली जाते तीच. पुढे डीएनएचा विषय निघेल तेव्हा कोपल पुन्हा भेटेल, तेही निर्णायक साक्षीदार म्हणून.

पायरी २: खडा हातात असेल तर

नुसती बातमी वाचत असाल तर ही पायरी सोडा. खडा हातात असेल तर निरुपद्रवी चाचण्या आधी करा.

मीठपाण्याची चाचणी सगळ्यांत सोपी. पाव लिटर पाण्यात साधारण ४५ ग्रॅम मीठ विरघळवा. अंबराची घनता १.०५ ते १.१० च्या आसपास असते, त्यामुळे ते या पाण्यात तरंगतं आणि साध्या पाण्यात बुडतं. काच बुडते, बेकेलाइट बुडतं, बरीचशी प्लास्टिकंही बुडतात. माझ्याकडच्या पहिल्या ‘अंबराने’ सरळ तळ गाठला होता. मात्र कोपल तरंगते आणि पॉलिस्टायरीनही तरंगतं, म्हणजे ही चाचणी खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही.

मग अतिनील टॉर्च. अंधारात खड्यावर प्रकाश टाकला की अंबर बहुधा निळसर किंवा पिवळसर-हिरवट चमकतं. कोपलची चमक सहसा फिकी असते. त्यानंतर, खडा मौल्यवान नसेल आणि कोपरा खराब झाला तरी चालणार असेल तरच, ॲसिटोनचा एक थेंब. कोपल चिकट होते, अंबरावर फारसा परिणाम होत नाही. तापलेली सुई टोचण्याचा सल्ला जिथे तिथे दिलेला आढळेल. तो मानू नका. खड्याला डाग पडतो आणि कोपल की अंबर हा मुख्य प्रश्न तसाच राहतो.

पक्कं उत्तर इन्फ्रारेड वर्णपटातून मिळतं. बाल्टिक अंबराचा आलेख एका ठरावीक जागी खांद्यासारखा सपाट होतो. १९६० च्या दशकात कर्ट बेक यांनी हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून ती बाल्टिक अंबराची सहीच मानली जाते.

एवढं सगळं करून खडा अस्सल ठरला तरी आतली वस्तू अस्सल ठरत नाही. ती माशी आठवा. खड्याच्या आरपार जाणारी सरळ सपाट रेघ, किड्याभोवतीची खोबण, जोडावर एका रांगेत बसलेले बुडबुडे दिसले की सावध व्हा.

पायरी ३: वय कशाचं, हे विचारा

अंबराला स्वतःचं जन्मसाल नसतं. वय ठरतं ते ज्या थरात ते सापडलं त्या थरावरून, म्हणजे तिथल्या जीवाश्मांवरून किंवा ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन स्फटिकांवरून. काही ठळक आकडे लक्षात ठेवले तर बातम्या वाचणं सोपं जातं. बाल्टिक अंबर साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांचं. म्यानमारचं सुमारे ९.९ कोटी. लेबनॉनचं १२ कोटींच्या पुढे. गुजरातमधल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं पाच कोटींच्या आसपास. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांतले अंबराचे थेंब २३ कोटी वर्षांचे.

डोमिनिकन अंबराची गोष्ट बोलकी आहे. १९९० च्या दशकातल्या गाजलेल्या शोधनिबंधांत त्याचं वय २.५ ते ४ कोटी वर्षं दिलेलं दिसेल. १९९६ नंतर थरांचा नीट अभ्यास झाला आणि ते दीड ते दोन कोटींवर आलं. त्यामुळे जुन्या आणि नव्या लेखांत एकाच खड्याची दोन वयं आढळली तर गोंधळू नका.

वस्तानच्या अंबराबद्दल एक आवडती गोष्ट सांगून पुढे जातो. ते सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचं आहे. आपल्याकडे राळ म्हटलं की जी राळ डोळ्यांसमोर येते, ती सालाचीच. या अंबराच्या साखळ्या इतर अंबरांइतक्या घट्ट विणलेल्या नसतात, त्यामुळे ते योग्य द्रावकात विरघळवून आतला कीटक अखंड बाहेर काढता येतो. इतर बहुतेक अंबरांत हे जमत नाही.

पायरी ४: आत नेमकं काय दिसतंय

किडा दहापट भिंगातून दिसतो. जीवाणू दिसत नाही. तो असतो एक-दोन मायक्रोमीटरचा, म्हणजे हजारपट विवर्धन हवं. त्यासाठी खड्याचा पातळ काप काढून दोन्ही बाजूंनी पॉलिश करावा लागतो. घरच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर काम करताना एक युक्ती उपयोगी पडते. अंबराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, १.५४ असतो आणि ग्लिसरीनचा त्याच्या बराच जवळ. खड्याच्या खडबडीत पृष्ठावर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर काचेची पातळ पट्टी ठेवली की प्रकाशाचं विखुरणं बरंच कमी होतं आणि आतलं चित्र अचानक स्वच्छ दिसतं. अपारदर्शक अंबरासाठी सिंक्रोट्रॉन या महाकाय यंत्रातून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांचा वापर करतात. फ्रान्समधल्या शारांत भागातलं गढूळ अंबर ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये असंच तपासलं गेलं.

आता खरी अडचण. सूक्ष्मजीवासारखं दिसणारं सगळं सूक्ष्मजीव नसतं. राळ वाहताना तिच्यात झाडाच्या रसाचे बारीक थेंब मिसळतात आणि त्यांचं दुधट मिश्रण घट्ट होतं. हे थेंब अमीबासारखे, पेशीसारखे, कधी तर आत केंद्रक असल्यासारखेही दिसतात. विन्सेंट जिरार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शारांत अंबराच्या आधारे दाखवलं की आदिजीव (अमीबासारखे एकपेशी जीव) म्हणून नोंदलेल्या बऱ्याच आकृत्या प्रत्यक्षात असे थेंबच असू शकतात. याखेरीज बुडबुडे, बारीक भेगा, पायराइट या खनिजाचे गोळे आहेतच. काही अंबराच्या खड्यांवर काळसर जाड साल असते. ती बाहेरून आत वाढत गेलेल्या तंतूंची असते. राळ मऊ असताना बुरशी किंवा तंतुमय जीवाणू पृष्ठावरून आत शिरले, त्यांची ती खूण. म्हणजे ते ‘अडकलेले’ नसून ‘घुसलेले’ होते.

मग विश्वास ठेवायचा कधी? मी तीन गोष्टी पाहतो. आकारमान एकसारखं आहे का? थेंब लहान-मोठे असतात, एका जातीच्या पेशी साधारण एका मापाच्या. विभाजनाच्या वेगवेगळ्या अवस्था दिसतात का? आणि जागा. ही तिसरी कसोटी सगळ्यांत दमदार. वाळवीच्या आतड्यात लाकूड पचवणारे आदिजीव आणि स्पायरोकीट नावाचे मळसूत्री जीवाणू आजही राहतात. डोमिनिकन अंबरातल्या ‘मास्टोटर्मिस इलेक्ट्रोडोमिनिकस’ या नामशेष वाळवीच्या पोटात नेमके तसेच आकार आढळले तेव्हा, २००२ साली, तो दावा सहज पटला. योग्य जीव योग्य जागी होता.

आकाराच्या बाबतीत अंबराची कमाल निर्विवाद आहे. डोलोमाइटमधले बहुतेक थेंब दोन ते सहा मिलिमीटरचे. अलेक्झांडर श्मिट आणि सहकाऱ्यांनी त्यांत जीवाणू, बुरशी, शैवाल, आदिजीव अशी अख्खी सूक्ष्म वस्ती दाखवली. पुढे असे सुमारे ७०,००० थेंब चाळून दोन कोळीवर्गीय माइट आणि एका माशीचे अवशेष मिळाले. डायनोसॉर नुकते अवतरत होते त्या काळातलं हे.

पायरी ५: दावा कोणत्या मजल्यावरचा आहे

इथे बहुतेक वाचक घसरतात, आणि बातमीदारही. अंबरातल्या जीवाबद्दलचे दावे चार मजल्यांचे असतात. तळमजला आकाराचा: पेशीचा, पंखाचा, आतड्याचा ठसा आहे. पहिला मजला रसायनांचा: अमिनो आम्लं, रंगद्रव्यं, मूळ रेणूंचे तुकडे शिल्लक आहेत. दुसरा डीएनएचा: वाचता येईल असा क्रम मिळाला. तिसरा जिवाचा: त्यातून जीवाणू पुन्हा वाढवला.

खालच्या मजल्यावरचा पुरावा वरच्या मजल्याला पुरत नाही. १९८२ मध्ये जॉर्ज पॉइनार आणि रोबर्टा हेस यांनी बाल्टिक अंबरातल्या एका बारीक माशीच्या ऊतींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं प्रसिद्ध केली. पेशींचे अंतर्भाग ओळखू येत होते. पेशी इतकी शाबूत असेल तर डीएनएही असेल, ही आशा तिथून सुरू झाली. आशा स्वाभाविक होती. १९९४ मध्ये जेफ्री बाडा यांच्या गटाने अंबरातल्या कीटकांमधली अमिनो आम्लं अपेक्षेपेक्षा कमी बिघडल्याचं दाखवलं, तेव्हा ती आणखी बळावली.

पण घराच्या भिंती उभ्या आहेत म्हणून आतलं सामान जागेवर असेलच असं नाही. अंबरातले बरेच कीटक आतून पोकळ असतात, किड्याच्या आकाराची पोकळी आणि तिला लागलेला काळा पापुद्रा. शिवाय अंबर हवाबंद नसतं. १९८८ मध्ये अंबरातल्या बुडबुड्यांवरून प्राचीन हवेतला ऑक्सिजन मोजल्याचा दावा झाला, तेव्हा वायू अंबरातून हळूहळू झिरपतात हाच त्यावरचा मुख्य आक्षेप होता. ‘काळाची बंद कुपी’ हे बातम्यांतलं लाडकं रूपक इथेच गळायला लागतं.

पायरी ६: हिशोब करून बघा

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, कारण कागद-पेन पुरतं.

डीएनए हा लांब धागा आहे, ‘अक्षरं’ म्हटल्या जाणाऱ्या छोट्या रासायनिक घटकांचा. पाणी, ऑक्सिजन आणि उष्णता त्याला तोडत राहतात. जिवंत पेशी तो रोज दुरुस्त करते, मेलेली करू शकत नाही. हा धागा रासायनिकदृष्ट्या किती तकलादू आहे हे थॉमस लिंडाल यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं. २०१२ मध्ये मॉर्टन ॲलेंटॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याची १५८ हाडं तपासली आणि १३.१ अंश सेल्सिअस सरासरी तापमानाला २४२ अक्षरांच्या डीएनए तुकड्याचं अर्धायुष्य ५२१ वर्षं काढलं. म्हणजे दर ५२१ वर्षांनी असे निम्मे तुकडे मोडतात.

आता धरा, एका नमुन्यात सुरुवातीला असे एक लाख कोटी तुकडे होते. एवढे तुकडे ४० वेळा निम्मे केले की जेमतेम एक उरतो. ४० गुणिले ५२१ म्हणजे २०,८४० वर्षं. डोमिनिकन अंबराला दोन कोटी वर्षं झाली, तेवढ्या काळात तुकडे निम्मे होण्याची वेळ ३८,००० हून अधिकदा येते.

आक्षेप येईल, हे हाडाचं गणित आहे, अंबराचं नाही. बरोबर. मग सवलत देऊ. याच अभ्यासात सगळ्यांत अनुकूल अंदाज होता उणे ५ अंशाला, फक्त ३० अक्षरांच्या तुकड्यासाठी: अर्धायुष्य सुमारे १,५८,००० वर्षं. या दराने दोन कोटी वर्षांत १२६ वेळा निम्मं व्हावं लागतं. ४० व्या वेळीच आपण एका तुकड्यावर आलो होतो. आणि डोमिनिकन राळ गाळणारी झाडं बर्फात नव्हती, उष्ण कटिबंधातल्या जंगलात होती.

खात्रीलायक जुना डीएनए जिथून मिळाला त्या जागा बघा. सायबेरियातल्या गोठलेल्या मातीतले दहा लाख वर्षांहून जुने मॅमथचे दात, २०२१. ग्रीनलँडच्या उत्तर टोकाचा, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा गाळ, २०२२. दोन्हीकडे कडाक्याची थंडी. वीस लाख आणि दोन कोटी यांत फक्त एक शून्य दिसतं, पण अर्धायुष्याच्या हिशोबात तो भलताच महाग पडतो.

पायरी ७: आलेला क्रम कुणाचा?

मग १९९० च्या दशकात जे डीएनए मिळाले ते काय होते? १९९२ मध्ये रॉब डिसाल, डेव्हिड ग्रिमाल्डी आणि सहकाऱ्यांनी पायरी ४ मधल्या त्याच डोमिनिकन वाळवीचा डीएनए जाहीर केला. त्याच वर्षी राउल कानो यांच्या गटाने डंख नसलेल्या मधमाशीचा. १० जून १९९३ रोजी लेबनॉनच्या अंबरातल्या १२ ते १३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या सोंड्या भुंगेऱ्याचा, आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत अंबरातल्या डासापासून डायनोसॉर बनवणारा चित्रपट प्रदर्शित झाला. विज्ञानाला इतकी फुकट प्रसिद्धी क्वचितच मिळते.

या सगळ्यांच्या मुळाशी पीसीआर हे तंत्र होतं. ते डीएनएच्या एका तुकड्याच्या प्रती काढतं, दर फेरीला दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. यातच त्याचं सामर्थ्य आणि यातच गोची. नमुन्यात प्राचीन डीएनए शून्य असेल आणि हातमोज्यावरून, हवेतून किंवा रसायनाच्या बाटलीतून आजचा एक तुकडा पडला असेल, तर यंत्र त्याच्याच १०७ कोटी प्रती काढून देतं. पीसीआरला नवं-जुनं कळत नाही. आणि प्राचीन तुकडे मोडके असतात, ताजे धडधाकट, त्यामुळे शर्यतीत ताजा तुकडाच जिंकतो.

१९९४ मध्ये आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांतून डायनोसॉरचा डीएनए मिळाल्याची बातमी आली होती. पुढच्याच वर्षी इतरांनी दाखवलं की तो माणसाच्या डीएनएशी सगळ्यांत जवळचा आहे. भुंगेऱ्याच्या क्रमाबद्दलही १९९८ मध्ये गुतिएरेस आणि मारीन यांनी शंका काढली की तो कीटकाचा नसून बुरशीचा असावा.

तेव्हा शोधनिबंध उघडला की या गोष्टी शोधा. कोरे नमुने चालवले होते का, म्हणजे किडा नसलेला अंबराचा तुकडा आणि नुसती रसायनं याच प्रक्रियेतून गेली होती का? काम स्वतंत्र प्रयोगशाळेत झालं का, की शेजारच्या टेबलावर त्याच कीटकाच्या आजच्या नातलगाचा डीएनए वाढवत होते? मिळालेले तुकडे छोटे आहेत का? खरा जुना डीएनए बहुधा शंभर अक्षरांच्या आतच तुटलेला असतो, तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पाचशे अक्षरांचा सलग तुकडा ही आनंदाची नाही, संशयाची गोष्ट आहे. तुकड्यांच्या टोकांना झीज दिसते का? काळाच्या ओघात डीएनएतलं ‘सी’ हे अक्षर बिघडून ‘टी’ असं वाचलं जातं, आणि हे टोकांपाशी जास्त होतं. ही झीज म्हणजे जुन्या डीएनएची सुरकुती. आज तिच्याशिवाय कुणी दावा ऐकून घेत नाही. १९९० च्या दशकात ती तपासायची पद्धतच नव्हती, हेही त्या लोकांच्या बाजूने सांगायला हवं.

पायरी ८: दुसऱ्या कुणाला जमलं का?

नाही जमलं.

१९९७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या जेरेमी ऑस्टिन यांच्या गटाने अंबर आणि कोपल दोन्हींमधल्या मधमाश्या आणि माश्यांवर काटेकोरपणे प्रयोग केले. कीटकाचा खरा प्राचीन डीएनए हाती लागला नाही. बनावट माशी पकडणारे रॉस याच गटात होते. त्याच वर्षी वॉल्डन आणि रॉबर्टसन यांनी अंबरातल्या मधमाश्यांवर केलेला प्रयत्नही फसला.

मग २०१३. डेव्हिड पेनी आणि मँचेस्टरच्या गटाने कोलंबियातल्या कोपलमधल्या डंख नसलेल्या मधमाश्या घेतल्या. एक नमुना सुमारे १०,६०० वर्षांचा, दुसरा ६० वर्षांहून कमी. पीसीआरऐवजी मिळेल तो प्रत्येक तुकडा वाचणारं नवं तंत्र वापरलं. दोन्हींत प्राचीन डीएनएचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. साठ वर्षांत ही गत असेल तर कोट्यवधींची काय कथा? या निकालाने माझ्यासारख्या आशाळभूतांचाही धीर सुटला.

विषय अगदीच मेला मात्र नाही. २०२० मध्ये डेव्हिड पेरिस आणि सहकाऱ्यांनी मादागास्करच्या झाडांवरच्या राळेत अडकलेले भुंगेरे घेतले, अवघ्या दोन आणि सहा वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्यात डीएनए मिळवून दाखवला. बातम्यांत याची ‘राळेतून डीएनए मिळाला!’ अशी मोठी मथळेबाजी झाली. मला हा प्रयोग नम्रपणासाठी आवडतो. उलट्या टोकाने सुरुवात करायची: दोन वर्षांत मिळतो का, मग शंभर, मग हजार, आणि कुठे थांबतो ते पाहायचं.

पायरी ९: ‘जिवंत केले’ असं म्हणतात तेव्हा

१९९५ मध्ये राउल कानो आणि मोनिका बोरुकी यांनी डोमिनिकन अंबरातल्या मधमाशीच्या पोटातून जीवाणूंचे बीजाणू काढून ते वाढवल्याचं जाहीर केलं. आजच्या ‘बॅसिलस स्फेरिकस’ या जीवाणूचा तो जवळचा नातलग निघाला. दावा वेडगळ नव्हता. असे बीजाणू ही निसर्गातली सगळ्यांत चिवट तिजोरी. आतलं पाणी जवळपास काढून टाकलेलं, डीएनएभोवती प्रथिनांचं कवच, आणि बॅसिलस मधमाशीच्या पोटात राहतोही. त्यांनी खड्याचा पृष्ठभाग निर्जंतुक केला होता, कोरे नमुनेही चालवले होते.

तरी दोन अडचणी राहतात. बीजाणू झोपलेला असताना डीएनए दुरुस्त करत नाही, तुटणं मात्र चालू असतं. जागा झाल्यावर तो दुरुस्ती करतो, पण कोट्यवधी वर्षांची तूटफूट एकदम? दुसरी अडचण नात्याची. खरोखर कोट्यवधी वर्षं थांबलेला जीवाणू आजच्या भाईबंदांपेक्षा बराच वेगळा दिसायला हवा, कारण ते दरम्यान बदलत गेले. तो फारच जवळचा निघाला तर सोपं स्पष्टीकरण हे की तो आजचाच आहे. १९९५ मध्येच हा आक्षेप नोंदवला गेला.

१९९८ मध्ये याच प्रकारे डोमिनिकन अंबरातून ‘स्टॅफिलोकॉकस सक्सिनस’ हा नवा जीवाणू मिळाल्याचं सांगितलं गेलं. लॅटिनमध्ये सक्सिनम म्हणजे अंबर, त्यावरून नाव. हा तर बीजाणू बनवतही नाही. चार वर्षांनी त्याच जातीची एक उपजात स्वित्झर्लंडमध्ये चीजच्या पृष्ठभागावर सुखाने नांदताना आढळली. निष्कर्ष तुम्हीच काढा. कानो यांनी अंबरातून मिळाल्याचं सांगितलेल्या यीस्टची बिअरही पुढे निघाली. ती चांगली असेलही, चव हा वयाचा पुरावा नव्हे.

इथे तुलनेसाठी आणखी एक शोध ओळखून ठेवा, कारण वादात तो हमखास पुढे केला जातो. २०२० मध्ये युकी मोरोनो यांच्या गटाने दक्षिण पॅसिफिकच्या तळाखालच्या १०.१५ कोटी वर्षांपर्यंत जुन्या गाळातले जीवाणू जागे केले. हा दावा बराच भक्कम मानला जातो. पण गाळाचं वय आणि पेशीचं वय यांत फरक आहे. त्या गाळात ऑक्सिजन होता, थोडंसं अन्न होतं, म्हणजे ते जीवाणू अतिशय संथपणे जगत आणि दुरुस्त होत राहिले असण्याची शक्यता आहे. सुकलेल्या राळेत पेशीला ती सोय नाही.

पायरी १०: खडा कुठून आला

म्यानमारचं अंबर काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातून येतं. २०१७ मध्ये तिथल्या खाणींचा ताबा सैन्याकडे गेला. २०२० मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यानंतर बाहेर आलेल्या नमुन्यांवर संशोधन छापू नये असं नियतकालिकांना आवाहन केलं. खडा विकत घेताना किंवा नवा शोध वाचताना तो कधी आणि कसा बाहेर आला, हे विचारायला संकोच करू नका.

स्वतःकडे खडा असेल तर तो उन्हापासून, दिव्याच्या उष्णतेपासून आणि अत्तर-स्पिरिटपासून दूर ठेवा. हवेत अंबर वर्षागणिक लालसर होतं आणि पृष्ठावर बारीक तडे जातात. आत काय आहे ते पाहायला तो फोडू नका, आणि घरच्या बशीत ‘प्राचीन जीवाणू’ वाढवायला तर मुळीच जाऊ नका. जे उगवेल ते तुमच्याच बोटावरचं असेल. त्याऐवजी एका चिठ्ठीवर सापडल्याचं ठिकाण, खाण, विकत घेतल्याचं वर्ष आणि केलेल्या चाचण्या लिहून ती खड्याबरोबर त्याच डबीत ठेवा. पेन्सिलने लिहा, शाई उडते.